अदृश्य कर्ता : ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटाचे गुणदोष

लोकप्रिय चित्रपटाची चर्चा विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत करावी काय, असा प्रश्न आपल्याकडे अजूनही अधूनमधून विचारला जातो. पोवाडा, लावणी, तमाशा यांविषयीही एके काळी तोच प्रश्न विचारला जात असे, आणि त्याचे उत्तर पुढील पिढीने अभ्यासक्रमातच दिले. जे लाखो माणसे पाहतात, ज्यातील वाक्ये त्यांच्या तोंडी बसतात आणि ज्याच्या आधारे ती बरेवाईट ओळखू लागतात, त्याच्याकडे भाषेच्या अभ्यासकाने पाठ फिरविणे हे व्यासंगाचे लक्षण नव्हे. म्हणून अतिमानुष नायकाच्या चित्रपटांपैकी एका अत्यंत यशस्वी चित्रपटाचे गुणदोष येथे तपासावयाचे योजिले आहे. ‘मिस्टर इंडिया’ हा तो चित्रपट होय. तो २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन शेखर कपूर यांचे, निर्मिती बोनी कपूर यांची व लेखन सलीम-जावेद या जोडीचे. प्रमुख भूमिका अनिल कपूर, श्रीदेवी आणि अमरीश पुरी यांच्या. पुढे १९८९ मध्ये तमिळ व कन्नड या भाषांत त्याची रूपांतरे निघाली. एवढ्यावरून त्याच्या प्रभावाची कल्पना यावी.

कथानक थोडक्यात असे. अरुण वर्मा हा निर्धन तरुण दहा अनाथ मुलांना घेऊन समुद्रकाठच्या एका जुन्या घरात राहतो. घरभाडे थकलेले, वाण्याची उधारी वाढलेली. उत्पन्न व्हावे म्हणून वरची खोली सीमा या वार्ताहर तरुणीस भाड्याने दिलेली, आणि तिला मुलांचा तिटकारा. हेच घर मोगँबो नामक खलपुरुषास आपल्या कारवायांसाठी हवे असते. अरुणाच्या दिवंगत शास्त्रज्ञ पित्याने माणसास अदृश्य करणारे एक यंत्र शोधून ठेवलेले असते. ते अरुणाच्या हाती येते, आणि तो ‘मिस्टर इंडिया’ या नावाने अन्यायाचा प्रतिकार करू लागतो. लाल प्रकाशात मात्र तो दिसतो.

प्रथम परंपरेचा विचार करू. अदृश्य पुरुषाची कल्पना एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील कादंबरीतून जगभर पसरली, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडे ती चित्रपटांत आली ती मुंबईच्या उपनगरातून, ही गोष्ट मात्र तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सने १९३७ मध्ये ‘ख्वाब की दुनिया’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक विजय भट्ट. त्यात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हालवून अदृश्य माणसाचा भास निर्माण केला, आणि त्यावरून त्यांचे नावच ‘काला धागा’ असे पडले. पुढे १९५७ मध्ये ‘मिस्टर एक्स’ आला. त्यात अदृश्य होणारा नायक अशोककुमार यांनी साकारला होता. तीस वर्षांनी ‘मिस्टर इंडिया’मध्ये नायकास पित्याच्या शोधाची वार्ता देणाऱ्या वृद्ध प्राध्यापकाच्या भूमिकेत तेच अशोककुमार दिसतात. जुना अदृश्य पुरुष नव्याच्या हाती वारसा सोपवीत आहे, अशी ही योजना. जाणत्या प्रेक्षकाला ती सुखावते आणि न जाणत्याला तिचा अडथळा होत नाही. पीटर परेरा यांनी संगणकाचे साहाय्य नसताना साधलेली चमत्कारदृश्येही याच हस्तकौशल्याच्या परंपरेतील होत. या दृश्यांतील वस्तूंना वजन आहे. तरंगणारा पेला खरोखर कोणीतरी उचलला आहे असे वाटते. संगणकनिर्मित चित्रांच्या आजच्या सुबत्तेत हा गुण दुर्मिळ झाला आहे.

याहून मोठा गुण कथाबंधात आहे. १९३८ पासून अमेरिकेत रूढ झालेल्या सुपरमॅनचे सामर्थ्य जन्मजात असते. तो मूळचाच परग्रहावरचा. अरुण वर्म्याचे सामर्थ्य एका मनगटी यंत्राचे आहे, आणि यंत्र हरवू शकते. लेखकांनी या शक्यतेचा उत्तम उपयोग करून घेतला आहे. मोगँबोच्या अड्ड्यावर सर्वजण बंदी असताना मिस्टर इंडिया कोण, असे विचारले जाते. अरुण पुढे होऊन ‘तो मीच’ असे सांगतो. पण यंत्र हरवलेले असल्यामुळे त्याचे विधान कोणी खरे मानीत नाही. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने हा प्रसंग फार बोलका आहे. काही विधाने उच्चारणाऱ्याच्या अधिकारावर उभी असतात. तो अधिकार सिद्ध करणारी खूण नसेल तर खरे वाक्यही पोकळ ठरते. येथे नायक सत्य बोलतो आणि हास्यास्पद ठरतो. पुढे अंतिम झुंज तो दृश्य, सामान्य माणूस म्हणूनच देतो. क्षेपणास्त्रे रोखतो तीही यंत्रावाचून. या एका निर्णयामुळे चित्रपटाला नैतिक उंची येते. शौर्य यंत्रात नसून माणसात आहे, हे कोणी भाषण करून सांगत नाही. कथेच्या ओघातच ते सिद्ध होते.

आता भाषेकडे वळू. अदृश्य नायकाच्या चित्रपटात एक मूलभूत अडचण असते. चित्रपट ही दृश्यकला, आणि येथे नायकच दिसत नाही. मग त्याचे अस्तित्व उरते ते केवळ आवाजात. ‘मी’ हे सर्वनाम नेहमी बोलणाऱ्याकडे बोट दाखविते; येथे बोट दाखवावे तर समोर पोकळी. सलीम-जावेद यांनी या अडचणीचेच भांडवल केले. नायकाची वाक्ये त्यांनी लहान, साधी, फारसीचा वा संस्कृतचा भार नसलेली ठेवली. पोकळीतून आलेले वाक्य लांब असते तर ऐकणाऱ्याचे लक्ष उडाले असते.

खलपुरुषाच्या बाबतीत त्यांनी उलट मार्ग धरला. मोगँबो स्वतःविषयी बोलताना ‘मी’ म्हणत नाही. आपल्या प्रसन्नतेची वार्ता तो तृतीय पुरुषात, तीन शब्दांच्या एका वाक्याने देतो. आपल्या परंपरेत राजाज्ञेची भाषा अशी असे, आणि लहान मूलही स्वतःविषयी असेच बोलते. सत्ता व बालिशपणा यांचा हा संयोग एका वाक्यात पकडणे ही सामान्य कारागिरी नव्हे. एकाकडे शरीर नसलेला ‘मी’, तर दुसऱ्याकडे ‘मी’ नसलेले, भरजरी गणवेशातील अवाढव्य शरीर, असा हा विरोध आहे. अमरीश पुरी यांनी ते वाक्य प्रत्येक वेळी किंचित निराळ्या आघाताने उच्चारले, म्हणूनच ते वारंवार येऊनही शिळे होत नाही. चार दशके लोटली तरी आपल्या गल्लीबोळांतून ते ऐकू येते.

श्रीदेवी यांच्या अभिनयाचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. अदृश्य प्रियकरासमवेतच्या गीतात पडद्यावर त्या बहुतांशी एकट्या आहेत. समोर कोणी आहे हे केवळ त्यांच्या देहबोलीवरून प्रेक्षकास मानावे लागते, आणि प्रेक्षक ते मानतो. चार्ली चॅप्लिनच्या वेषातील त्यांचा प्रवेश मूकपटाची आठवण करून देतो. एकीकडे शब्दच असलेला नायक आणि दुसरीकडे शब्दावाचून हसविणारी नायिका, असा हा तोल साधला आहे.

गुणांची ही बाजू मान्य करूनच दोषांकडे आले पाहिजे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथम खटकणारा दोष आवाजाचाच आहे. सीमा ही वार्ताहर आहे. माहिती जमविणे हा तिचा व्यवसाय. ती अरुणाशी रोज बोलते, आणि मिस्टर इंडियाच्या आवाजावर प्रेम करते. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत. उच्चाराची लकब, लय, आघात यांवरून माणूस ओळखण्याची शक्ती आपल्या सर्वांच्या ठायी असते. अंधारात हाक ऐकून आपण माणसाचे नाव सांगतो. ज्या चित्रपटाने आपला सारा डोलारा आवाजावर उभारला, त्यानेच नायिकेचे कान बंद ठेवावेत हे विसंगत आहे. चश्मा लावला की सुपरमॅन ओळखू येत नाही, हा संकेत दृश्य माध्यमात कसाबसा खपतो. येथे तो खपत नाही, कारण येथे ओळखण्याचे दुसरे साधनच ठेवलेले नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नायिकेच्या प्रसिद्ध नृत्यगीताचा आरंभ निरर्थक अक्षरांनी व परदेशी नगरांच्या नावांनी होतो. निरर्थक ध्वनींची गंमत आपल्या मुलांच्या खेळगाण्यांतही असते, आणि तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण त्या गीतात नायिकेभोवती नाचणाऱ्यांची अंगे काळ्या रंगाने माखून त्यांना ‘रानटी’ ठरविले आहे. निरर्थक भाषा म्हणजे त्यांची भाषा, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही त्यांना भाषाच नाही असे मानणे हा जुना अपसमज आहे. तो खोडून काढण्यात आमच्या विद्याशाखेचे निदान एक शतक खर्ची पडले. ‘त्या काळी सर्वच असे करीत’ हे समर्थन पुरेसे नाही. ज्या नायकास देशाचे नाव दिले, त्याच्या चित्रपटाकडून अधिक अपेक्षा होती. शिवाय खलपुरुषाचे नावही आफ्रिकी वळणाचे वाटावे असे योजले आहे. याच नावाचा जॉन फोर्ड यांचा आफ्रिकेत घडणारा चित्रपट १९५३ मध्ये येऊन गेला होता. वाईट ते दूरदेशीचे आणि कृष्णवर्णी, हा संकेत येथे दोनदा वापरला गेला आहे.

संपादक गायतोंडे या पात्राविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मुंबईत घडणाऱ्या या कथेत ठसठशीत मराठी-कोकणी आडनाव असलेले हे पात्र अन्नू कपूर यांनी मोठ्या उत्साहाने रंगविले आहे. पण त्याचे कार्य काय, तर दूरध्वनींच्या गोंधळात त्रस्त होणे. मुंबईची स्थानिक भाषा व तिचे बोलणारे हिंदी चित्रपटात बहुधा हवालदार, मोलकरीण वा विदूषक या रूपांत येतात. गायतोंडे सुशिक्षित आहे, एवढीच त्याची बढती.

परंतु या चित्रपटाचा मूळ दोष याहून खोल आहे, आणि तो त्याच्या मूळ गुणातूनच उद्भवतो. मराठी व्याकरणात अकर्तृक भावे प्रयोग सांगितला आहे. ‘उजाडले’, ‘सांजावले’ असे आपण म्हणतो. कोणी उजाडविले हे विचारण्याची सोय नसते. निसर्गाच्या बाबतीत ही रचना सुंदर आहे. तीच प्रवृत्ती राज्यकारभारात शिरली की ‘कारवाई करण्यात येईल’, ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे’, ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ अशी वाक्ये तयार होतात. मुलुंड ते घाटकोपर, बोरीवली ते अंधेरी, कोणत्याही कार्यालयाच्या फलकावर ही भाषा वाचावयास मिळते. क्रिया आहे, कर्म आहे, कर्ता नाही. कर्ता नसल्यामुळे जाब विचारावयाचा कोणाला, हा प्रश्नच उरत नाही.

मिस्टर इंडियाचा पराक्रम व्याकरणदृष्ट्या नेमका असाच आहे. वाण्याला धडा मिळतो, चोराला मार बसतो, भुकेल्याला अन्न मिळते. हे कोणी केले, ते दिसत नाही. ज्या नागरिकाचे जीवन ‘करण्यात येईल’ या रचनेने व्यापले आहे, त्याला हा चित्रपट तीच रचना त्याच्या बाजूने उलटवून दाखवितो. आजवर अदृश्य कर्त्याने तुला नाडले. आता अदृश्य कर्ताच तुला तारील. चित्रपटाच्या प्रचंड आकर्षणाचे मर्म मला येथे दिसते, आणि त्याच्या अपुरेपणाचेही. कारण नागरिकाला हवा असतो तो दिसणारा, नावाने हाक मारता येईल असा कर्ता. अदृश्य उपकारकर्त्याचे आभार मानता येतात. त्याला जबाबदार धरता येत नाही.

हनुमंताच्या मूर्तीचा प्रवेश या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मूर्ती पळवू पाहणाऱ्या विदेशी इसमास तीच मूर्ती हवेत उचलली जाऊन मारू लागते, आणि तो शरण येऊन देवाचा जयजयकार करतो. प्रेक्षागृहात या ठिकाणी हशा व टाळ्या एकदम येतात. १९१७ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’मध्ये हनुमान उडविला तेव्हा प्रेक्षक चमत्कार पाहावयास आले होते व त्यांना चमत्कार मिळाला, तेथे फसवणूक नव्हती. येथे कृती विज्ञानाची, श्रेय देवाचे, आणि करणारा माणूस मात्र गुप्त. कर्ता नाहीसा झाला की त्याची जागा दैव घेते, हे या विनोदी प्रवेशाने नकळत सिद्ध केले आहे.

याच कारणाने चित्रपटातील दुष्टाव्याचा पत्ताही चुकतो. आरंभी संकट घरातले आहे : भाडे, उधारी, धान्यातील खडे. हे संकट मुंबईतील प्रत्येक चाळीला परिचित होते. पण कथा जसजशी पुढे जाते तसतसे हे सारे एका बेटावरच्या वेड्या सेनापतीच्या कारस्थानात विरून जाते. बेट उडाले की प्रश्न सुटला. वाणी, घरमालक, भेसळ यांचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. टीना या लहान मुलीचा बाँबस्फोटात होणारा मृत्यू हा चित्रपटातील सर्वांत खरा प्रसंग. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले. जोगेश्वरी आणि बोरीवली ही स्थानके त्यांच्या मार्गावरील. त्यानंतर या प्रसंगाकडे पाहणाऱ्या उपनगरवासीयाला तो पूर्वीसारखा पाहता येणार नाही. पण चित्रपटात त्या मृत्यूचे उत्तर पुन्हा बेटावरच शोधले जाते.

तुलनेसाठी दोन चित्रपट घेऊ. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ मध्ये आला. त्यातील माधव आपटे हा बँकेतील नोकर. संदीप कुलकर्णी यांनी तो साकारला. त्याच्यापाशी यंत्र नाही, मुखवटा नाही. हाती क्रिकेटची बॅट आहे आणि चेहरा उघडा आहे. त्याची प्रत्येक क्रिया कर्तरी प्रयोगातली. त्याची पद्धत समर्थनीय नाही, आणि चित्रपटही ती पूर्णपणे समर्थनीय ठरवीत नाही. पण आपल्या कृत्याची किंमत तो स्वतः, लोकलच्या डब्यात, प्राण देऊन चुकवितो. दुसरा चित्रपट विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहीरो’, सन २०१८. त्यात २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी चळवळीने भारावलेले तरुण कागदी पिशवीचा मुखवटा चढवून हिंडतात, आणि त्यांची गाठ पडते ती पाणी चोरणाऱ्यांशी. नळ कोरडा, टँकर मात्र भरलेला, हे उपनगराचे नित्याचे चित्र त्यात आहे. दुष्टाव्याचा पत्ता येथे अचूक : जलवाहिनी, टँकर, आणि त्यांना संरक्षण देणारा राजकारणी. योगायोग असा की प्रतिनायकाची भूमिका निशिकांत कामत यांनीच केली. पण हा चित्रपट तिकीटबारीवर टिकला नाही. त्यास त्याचे स्वतःचे दोषही कारण आहेत. उत्तरार्ध लांबला आहे, आणि सूडकथेच्या ठरीव वळणांनी मूळ प्रश्न झाकोळला आहे. तरीही अदृश्य नायकाला डोक्यावर घेणाऱ्या प्रेक्षकाने पाण्याचा हिशेब मागणाऱ्या नायकाकडे पाठ फिरवावी, ही गोष्ट विचार करावयास लावते.

येथे एक आक्षेप संभवतो. मनोरंजनासाठी, विशेषतः मुलांसाठी काढलेल्या चित्रपटावर नागरिकशास्त्राचे ओझे लादणे योग्य काय? आक्षेपात तथ्य आहे. परीकथेतील राक्षसाला त्याचे उत्पन्न विचारू नये. पण ‘मिस्टर इंडिया’ने आपल्या नायकास देशाचे नाव दिले आहे, आणि तो सामान्य माणूस आहे असे वारंवार सांगितले आहे. ज्याने प्रतिनिधित्वाचा दावा केला त्याची परीक्षा प्रतिनिधी म्हणूनच होणार. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून आपल्या व्यंग्यचित्रांत उभा केलेला सामान्य माणूस येथे आठवतो. तो दिसतो, पण बोलत नाही. मिस्टर इंडिया बोलतो, पण दिसत नाही. एकाला शरीर आहे, वाणी नाही. दुसऱ्याला वाणी आहे, शरीर नाही. लक्ष्मण यांच्या माणसाने जे मौन पाळले त्यात साक्ष होती. तो तेथे उभा होता, सर्व पाहत होता, आणि आपण त्याला पाहत होतो. मिस्टर इंडियाच्या वाणीत दिलासा आहे, पण साक्ष नाही.

एकंदरीत पाहता, ‘मिस्टर इंडिया’ हा आपल्या प्रकारातील श्रेष्ठ चित्रपट होय. त्याची रचना घट्ट आहे, संवाद अल्पाक्षरी आहेत, चमत्कारदृश्यांत हाताची ऊब आहे, आणि नायकास अखेरीस यंत्रावाचून उभे करण्याचे धैर्य लेखकांनी दाखविले आहे. वर्णभेदाचा डाग आणि आवाजाची विसंगती हे त्याचे उघड दोष. अन्यायाच्या निवारणातून कर्ता पुसून टाकणे हा त्याचा छुपा दोष, आणि तो छुपा असल्यामुळेच अधिक परिणामकारक. नंतरच्या ‘क्रिश’ (२००६) वा ‘रा.वन’ (२०११) यांसारख्या चित्रपटांनी यंत्रसामग्री कितीतरी वाढविली, ‘रा.वन’ने तर उपनगरी लोकलही उधळून दाखविली. पण कर्त्याचा हा प्रश्न त्यांनी पुढे नेला नाही. अभ्यासकांना येथे काम आहे. लोकप्रिय चित्रपटांच्या संवादांतील प्रयोगविचार, विशेषतः उपकाराची व शिक्षेची वाक्ये कोणत्या प्रयोगात येतात याची पद्धतशीर नोंद, आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखी आहे. तिच्यातून चित्रपटाविषयी जेवढे कळेल, त्याहून अधिक आपण कोणाकडून काय अपेक्षितो हे कळेल.